फ्रेमबफर, कन्सोल आणि एक्सशिवाय खेळ

लिनक्स कन्सोलचं, म्हणजे एक्स या ग्राफिकल यंत्रणेशिवायच्या नुसत्या अक्षरांच्या पडद्याचं, रिझोल्यूशन कसं बदलायचं हे नेटवर शोधलं, की अजूनही कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) बूट होताना द्यायचा ‘व्हीजीए=७९१’ हाच मंत्र हाती लागतो. म्हणजे १०२४ × ७६८, १६ बिट रंग. तो व्हेसा बायॉस या जुन्या फर्मवेअरच्या जमान्यातला आहे आणि यूईएफआय या नव्या फर्मवेअरने बूट होणाऱ्या मशीनवर त्याचा काहीच उपयोग नाही. २००९ साली कर्नल २.६.२९ मध्ये इंटेलसाठी कर्नल मोडसेटिंग (पडद्याचा मोड कर्नलनेच ठरवणं) आलं आणि सूत्रं डीआरएम या कर्नलमधल्या ग्राफिक्स यंत्रणेकडे गेली. /डेव्ह/एफबी०, म्हणजे फ्रेमबफर (पडद्यावरचं चित्र जिथे साठतं ती मेमरी), आजही दिसतं, पण बहुतेक ठिकाणी ते जुन्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेला नुसता मुखवटा असतो. एफबीसेट या कमांडने मोड बदलायला गेलात तर दिलेला पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) विचारात घेतला जात नाही आणि आधीच घेतलेल्या बफरपेक्षा मोठं माप सरळ नाकारलं जातं. मोड ठरवायचा तो बूट होतानाच.

पुढचं सगळं डेबियन १२ आणि इंटेल ग्राफिक्सचा १३६६ × ७६८ लॅपटॉप धरून लिहिलं आहे. कमांड अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

आधी /सिस/क्लास/डीआरएम मध्ये बघा. कार्ड०-एलव्हीडीएस-१ (लॅपटॉपचा पडदा), कार्ड०-एचडीएमआय-ए-१ (बाहेरचा पडदा) अशी नावं दिसतील. प्रत्येकात ‘मोड्स’ नावाची फाइल असते, ती कॅट कमांडने बघितली की तो पडदा काय काय झेपवतो ते कळतं. मग ग्रब या बूटलोडरच्या /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब फाइलमधल्या कर्नलच्या ओळीत ‘व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१२८०x७२०@६०’ घाला, अपडेट-ग्रब चालवा, रीबूट करा. नावातलं ‘कार्ड०-’ इथे लिहायचं नाही. बरेच जण तिथेच अडकतात. त्याच ओळीत इन्स्टॉलच्या वेळी घातलेलं ‘नोमोडसेट’ (मोडसेटिंग बंद ठेवणारं) राहून गेलं असेल तर ते आधी काढा. ते असेपर्यंत फर्मवेअरने दिलेल्या मापावरच बसावं लागेल.

लॅपटॉपला टीव्ही जोडला की अक्षरं टीव्हीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातच मावतात, बाकी पडदा काळा. टीव्ही बिघडलेला नसतो. कन्सोल दोन्ही पडद्यांना एकच ठेवायचं, म्हणून कर्नल लहान पडद्याचं माप धरतं. ‘व्हिडिओ=एलव्हीडीएस-१:डी’ दिलं की लॅपटॉपचा पडदा बंद होतो आणि टीव्ही पूर्ण भरतो.

फॉन्टसाठी डीपीकेजी-रीकॉन्फिगर कन्सोल-सेटअप चालवा, त्यात टर्मिनस हा फॉन्ट निवडा. १६ × ३२ घेतला तर १३६६ × ७६८ वर ८५ रकाने आणि २४ ओळी मिळतात. १२ × २४ मध्ये ११३ आणि ३२. रोजच्या कामाला दुसरा बरा. मराठी मजकूर मात्र इथे वाचायची आशा धरू नका: कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं जुळवणारं काही नाही. वर सरकून गेलेला मजकूर परत दाखवणारं शिफ्ट-पेजअप चालत नसेल तर तुमचं काही चुकलेलं नाही, कर्नल ५.९ मध्ये ती सोयच काढून टाकली. त्यासाठी टीमक्स हा प्रोग्रॅम वापरा.

थेट एफबी० वर लिहिणारे प्रोग्रॅम वापरत असाल तर चित्र तिरपं, कातरल्यासारखं दिसण्याची तक्रार हमखास येते. १३६६ पिक्सेल गुणिले ४ बाइट म्हणजे ५४६४, पण इंटेलचा ड्रायव्हर ओळ ६४ च्या पटीत नेतो, म्हणून ती ५५०४ बाइटची होते. प्रोग्रॅमने ओळीची लांबी कर्नलला न विचारता रुंदीवरून काढली, की प्रत्येक ओळ ४० बाइट, म्हणजे १० पिक्सेल, सरकत जाते. एफबीसेट -आय मधला ‘लाइनलेंग्थ’ आकडा बघा म्हणजे खात्री पटेल.

आता खेळ. एसडीएल ही खेळांना पडदा आणि बटणं पुरवणारी लायब्ररी. एसडीएल १.२ मध्ये थेट फ्रेमबफरवर चित्र काढणारा ‘एफबीकॉन’ ड्रायव्हर होता, एसडीएल २ मध्ये नाही. चॉकलेट डूम (डूम हा खेळ), डॉसबॉक्स स्टेजिंग (डॉसचे जुने खेळ चालवणारा प्रोग्रॅम) हे एसडीएल २ वर चालतात; तिथे एसडीएल_व्हिडिओड्रायव्हर=केएमएसडीआरएम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्यायचं. लिबजीबीएम१ आणि लिबईजीएल१ ही पॅकेजेस हवीत. खेळ कंट्रोल-ऑल्ट-एफ३ वर लॉगिन करून तिथूनच सुरू करायचा, एसएसएचमधून (दुसऱ्या मशीनवरून केलेल्या लॉगिनमधून) नाही. चित्र झकास येतं पण एकही बटण लागत नाही, असं झालं तर युजर ‘इनपुट’ ग्रुपमध्ये नाही. त्यात घाला, लॉगआउट करून परत या. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की या ग्रुपमधला कुठलाही प्रोग्रॅम सगळी बटणं वाचू शकतो, पासवर्डसुद्धा. खेळासाठी वेगळा युजर केलेला उत्तम.

खेळ मध्येच कोसळला तर कीबोर्ड मुका होतो, कारण एसडीएलने तो कन्सोलपासून तोडलेला असतो. ऑल्ट-सिसरिक्यू-आर दाबा, म्हणजे कर्नल कीबोर्ड परत कन्सोलला जोडतं. सिसरिक्यूच्या कुठल्या कमांड चालाव्यात हे एका आकड्याने ठरतं. डेबियनवर तो मुळात ४३८ असतो, त्यात ही परवानगी येते. उबुंटूवर १७६ असतो, त्यात येत नाही. तिथे दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करून सुडोने केबीडी_मोड -एफ -यू -सी /डेव्ह/टीटीवाय३ (सी मोठ्या लिपीतला) चालवा, म्हणजे रीबूटची वेळ येत नाही.