शेजारी बसून

ज्या मुलांवर अत्याचार झाल्याची शंका असते, त्यांच्याशी बोलणं हे माझं काम. आज परत कॉम्प्युटरवरची मुलाखत होती. मुलगी आठेक वर्षांची. मागच्या वेळी समोरासमोर बसलो होतो तेव्हा पाऊण तास नुसती फ्रॉकची कड पिळत होती, एक शब्द नाही. आज तिच्या हातात माऊस दिला आणि दोघी शेजारी बसून स्क्रीनकडे बघायला लागलो, फरक म्हणाल तर एवढाच. स्क्रीनवर घर असतं, घरात कोण कोण ते ठेवायचं, मग कोणाजवळ कसं वाटतं त्याचा चेहरा निवडायचा, हसरा, रागावलेला, घाबरलेला. ब्रिटनमधला 'इन माय शूज' हा प्रोग्रॅमही असाच, मोठं माणूस समोर न बसता बाजूला बसतं.

तिने एका माणसाजवळ घाबरलेला चेहरा ठेवला. काढला. परत ठेवला. मी गप्प राहिले, कारण "तो मारतो का?" असं विचारलं की मूल हो म्हणून मोकळं होतं आणि मग ती गोष्ट तिची राहत नाही. थोड्या वेळाने "याच्याबद्दल सांग ना" एवढंच म्हटलं, आणि ती स्क्रीनकडे बघतच बोलायला लागली.

मुलं आपले चेहरे फार वाचतात हो, भुवई जरा हलली की यांना वाटतं हे सांगायला नको होतं. मशीनला भुवईच नाही. मोठ्या मुलांचंही तेच, अमेरिकेत १९९५च्या एका सर्व्हेत १५ ते १९ वयाच्या मुलग्यांपैकी काहींना कागदावर आणि काहींना हेडफोन लावून कॉम्प्युटरवर तेच प्रश्न विचारले, तर दुसऱ्या मुलग्याशी किंवा पुरुषाशी लैंगिक संबंध आल्याचं कागदावर १.५ टक्के मुलग्यांनी सांगितलं आणि कॉम्प्युटरवर ५.५ टक्के. विषय अत्याचाराचा नव्हता, पण लपवण्यामागची लाज तीच.

पण म्हणून मुलाला टॅबलेट देऊन आपण बाहेर थांबायचं असं कोणी सुचवलं की मला धडकीच भरते. सांगून झाल्यावर मूल मान वळवून बघतं तेव्हा तिथे कोणीतरी पाहिजेच. आणि कोणालाच सांगणार नाही असं वचन तर कधीच द्यायचं नाही, कोणाकोणाला सांगावं लागेल ते मी सुरुवातीलाच सांगते.

शेवटी तिने विचारलं, हा चेहरा पुसला तर तुम्हाला कळेल? म्हटलं, हो, मी बघितलाय. तिने मान हलवली आणि चेहरा तिथेच राहू दिला.