सहा बैलांचा हिशोब : छोट्या रोलप्लेइंग गेममध्ये निवडीला वजन आणताना

आरपीजी मेकर एमझेड या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दोघांनी मिळून एक छोटा गेम तडीस नेला. दीड तासाचा, फुकट वाटायचा, पूर्ण मराठीत. पेशवाईतला घाटमाथ्यावरचा जकात नाका, आणि खेळणारा म्हणजे त्या नाक्यावरचा कारकून. लढाया नाहीत, लेव्हल वाढवणं नाही. माल घेऊन माणसं येतात, दस्तक (मालाचा परवाना) दाखवतात. कोणाला सोडायचं, कोणाकडून किती घ्यायचं आणि वहीत काय लिहायचं हे कारकून ठरवतो. पुढे जे लिहिलंय ते या निवडी बसवण्याबद्दल आहे. एमव्ही ही एमझेडच्या आधीची आवृत्ती वापरणाऱ्यांनाही त्यातलं बहुतेक तसंच्या तसं लागू पडेल.

सुरुवात कागदावर केली, आणि खऱ्या शाखा परवडत नाहीत हे कागदावरच कळतं. प्रत्येक प्रसंगात तीन वाटा आणि प्रत्येक वाटेवर वेगळा पुढचा प्रसंग धरला, तर तिसऱ्या निवडीनंतर 27 प्रसंग लिहावे लागतात, पाचव्यानंतर 243. त्यातले खेळणारा एका खेपेला पाहणार मोजके. हौशी गेम अर्धवट पडतात ते बरेचदा इथेच. म्हणून रचना वारीसारखी ठेवली : मुक्काम ठरलेले, मधली चाल ज्याची त्याची. सकाळचा तांडा, दुपारी कमाविसदाराची, म्हणजे वसुली बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, फेरी, संध्याकाळी वही बंद करणं हे प्रत्येकाच्या वाट्याला येतंच. फरक पडतो तो तिथे पोचेपर्यंत गेमने तुमच्याबद्दल काय टिपून ठेवलंय त्याने.

एडिटर उघडण्याआधी तीन रकान्यांचा तक्ता केला. काय लक्षात ठेवायचं, ते कुठे ठरतं, आणि ते कुठे परत समोर येतं. तिसऱ्या रकान्यात निदान दोन नोंदी नसतील तर ती निवड काटायची, हा नियम कडक पाळला. त्यात चांगले लिहिलेले प्रसंगही गेले. पण खेळणाऱ्याने विचार करून घेतलेला निर्णय गेम विसरला, की पुढच्या निर्णयाला तो विचार करत नाही. तो नुसता एंटर दाबत सुटतो.

आता स्विच की व्हेरिएबल. स्विच म्हणजे चालू-बंद एवढंच टिपणारी जागा, व्हेरिएबल म्हणजे आकडा ठेवणारी. नवखा माणूस सगळं स्विचवर करतो, कारण ते सोपं दिसतं. अडचण अशी की बंद स्विचचे दोन अर्थ होतात : खेळणारा नाही म्हणाला, किंवा प्रसंग अजून घडलाच नाही. नाक्यावरचा हमाल मग न भेटलेल्या तांड्याच्या नाईकाबद्दल टोमणे मारायला लागतो. आम्ही प्रत्येक निवडीला एक व्हेरिएबल दिलं. 0 म्हणजे अजून विचारलं नाही, 1, 2, 3, 4 म्हणजे त्या त्या क्रमाचा पर्याय. सुरुवातीचे वीस नंबर व्यवस्थेसाठी, पुढचे वीस माणसांच्या विश्वासासाठी, 41पासून निवडी. सेल्फ स्विच (एकाच इव्हेंटचा, म्हणजे नकाशावरच्या एका पात्राचा किंवा वस्तूचा, स्वतःचा स्विच) फक्त त्या इव्हेंटच्या खाजगी गोष्टींना, म्हणजे पहिली ओळख झाली की नाही असल्या. त्याची दखल दुसरा इव्हेंट सरळ घेऊ शकत नाही, त्यामुळे गावात पसरणारी बातमी त्यावर ठेवून चालत नाही.

तांड्याचा प्रसंग असा बसवला. कोकणातून मीठ घेऊन लमाणांचा तांडा घाट चढून येतो. नाईकाच्या दस्तकावर चौतीस बैल, समोर उभे चाळीस. तो म्हणतो, "सहा वाटेत घेतले, बाबा. लिहून आणायला कारकून कुठे होता?" पर्याय चार :

"चौतीसच लिहितो. पुढे बोलू नका."
"चाळीस म्हणजे चाळीस. सहांची जकात मोजा."
"सहा गोण्या इथे उतरवा, परतताना न्या."
"कमाविसदार येईपर्यंत तांडा थांबेल."

एमझेडमध्ये एका वेळी सहा पर्याय दाखवता येतात, पण चारापलीकडे लोक वाचत नाहीत. पर्यायाची ओळही आपोआप मोडत नाही; लांबली तर खिडकीबाहेर जाते, म्हणून सहा-सात शब्दांत आटपायचं. आणि पर्याय लिहायचा तो पात्राच्या तोंडचा. "दया दाखवा" असा पर्याय ठेवला आणि कारकून पुढे काहीतरी गोड बोलला, तर खेळणारा चिडतो, आणि त्याचं बरोबर आहे. त्याच्या मनातली दया गुरकावणारी असू शकते.

या चारही वाटा पाच मिनिटांत एकत्र येतात, तांडा जातोच. पण 41 नंबरचं व्हेरिएबल तीन ठिकाणी उघडतं. दुपारी येणारा दुसरा नाईक पर्याय 1 झाला असेल तर तसाच सौदा मागतो, "आमच्या भाऊबंदाला जमलं, आम्हाला का नाही?" कमाविसदार वहीतला आकडा वाचतो आणि अंगणातल्या बैलांच्या खुणांकडे बघतो. गोण्या उतरवल्या असतील तर रात्री पाऊस येतो आणि त्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न उभा राहतो. परिणाम लगेच दाखवला तर लोक जुना सेव्ह उघडून दुसरा पर्याय घेऊन बघतात. वीसेक मिनिटांनी आला की तेवढं परत खेळायचा कंटाळा येतो आणि माणूस आपल्या निर्णयासकट पुढे जातो.

भूमिका वठवणं म्हणतात ते मात्र यातून येत नाही. त्यासाठी जी युक्ती सगळ्यात स्वस्त पडली ती अशी : काय केलंस हे विचारून झाल्यावर थोड्या वेळाने कोणीतरी का केलंस हे विचारायचं. तांडा गेल्यावर हमाल पाण्याचा तांब्या देतो आणि म्हणतो, "सोडलंत कशापायी?" उत्तरं तीन. त्याच्याकडे देण्यासारखं नव्हतं. परतताना तो मला विसरणार नाही. सहा बैलांनी सरकारचं काय बुडतं? यातल्या कुठल्याही उत्तराने घटना बदलत नाही. कारण 42 नंबरमध्ये जातं, आणि संध्याकाळच्या चौकशीत हमाल तेच वाक्य, तुमचंच, कमाविसदारासमोर बोलून दाखवतो. लिहिण्याचं काम तीन ओळींचं. गेम खेळून पाहिलेल्यांनी सगळ्यात जास्त आठवण काढली ती याच जागेची.

मराठीत आणखी एक सोय फुकट मिळते. नाईकाला "अरे नाईका" म्हणायचं की "बसा नाईक" म्हणायचं, ही निवड पहिल्याच वाक्यात देता येते आणि पुढची सगळी बोलणी तिच्यावर तोलता येतात. उलट बाजूने एक खर्चही आहे. पात्राचं लिंग खेळणाऱ्याने निवडायचं ठरवलं तर "आलो" आणि "आले" अशी मीची जवळपास प्रत्येक ओळ दुहेरी होते. त्यावर उपाय म्हणजे एक रिकामा अॅक्टर (एडिटरमधली पात्राची नोंद) ठेवून त्याच्या नावात "लो" किंवा "ले" भरायचं आणि संवादात नाव दाखवणारा कोड "आ"ला जोडायचा. चालतं, पण "गेलो होतो"सारख्या ओळींना दुसरा अॅक्टर लागतो आणि पसारा वाढत जातो. आमचा कारकून पुरुष ठेवला आणि त्याऐवजी तो या नाक्यावर का येऊन पडला हे सुरुवातीला विचारलं.

एडिटरमधल्या काही जागा हमखास नडतात. पर्यायांच्या खिडकीत रद्द करण्याची मूळ सेटिंग पर्याय 2वर असते, आणि संवाद पुढे ढकलायला लोक एस्केप किंवा एक्स दाबतात. बोटं भराभर चालली की नकळत दुसरा पर्याय निवडला जातो आणि जकात वसूल होते. महत्त्वाच्या प्रत्येक निवडीला रद्द करणं बंद करायचं आणि सुरुवातीचा कर्सर कुठेच नाही असा ठेवायचा, म्हणजे एंटरवाल्यांनाही थांबून वाचावं लागतं.

दुसरी जागा इव्हेंटच्या पानांची, म्हणजे एकाच इव्हेंटच्या वेगवेगळ्या स्थितींची. अटी पूर्ण होणाऱ्या पानांपैकी सगळ्यात मोठ्या नंबरचं पान चालतं, आणि व्हेरिएबलची अट फक्त "इतकं किंवा जास्त" एवढीच असते. त्यामुळे 1ची अट दुसऱ्या पानावर, 2ची तिसऱ्यावर, असा चढता क्रमच हवा. उलटा लावला तर 1वालं शेवटचं पान सगळ्यांना गिळतं. ऑटोरनच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या, पानावर स्वतःला बंद करणारी ओळ लिहायची राहिली, तर गेम गोठल्यासारखा होतो. एररही येत नाही, नुसता कारकून हलत नाही.

देवनागरीचं दुखणं वेगळंच. गेम चालवणारं मूळ इंजिन संवाद अक्षर-अक्षर करून रंगवतं, त्यामुळे मात्रा व्यंजनापासून सुटते, टिंबांचं वर्तुळ दिसतं, जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाते. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. छोटं प्लगइन (इंजिनला जोडायचा कोड) लिहून मजकूर मोकळ्या जागांवर तोडला आणि अख्खा शब्द एका दमात काढला. टंकल्यासारखा मजकूर उमटण्याचा परिणाम मग शब्दागणिक येतो, तोही वाईट दिसत नाही. पर्यायांची खिडकी एमझेड अख्खी ओळ एकदम रंगवतं, पण एमव्हीत तीही अक्षर-अक्षर रंगते, ती विसरू नये. नव्याने सुरू करणाऱ्याने गोडो 4 हे दुसरं गेम इंजिन जरूर बघावं. तिथे 2023च्या 4.0पासून देवनागरीची जुळणी इंजिनच करतं.

फाशाबद्दल थोडं. कमाविसदाराला पटवताना दोन फासे, बेरीज 8 किंवा जास्त, असं ठेवलं तर शक्यता 36त 15, म्हणजे सुमारे 42 टक्के. विश्वासाचा एक गुण मिळाला की 58, दोन मिळाले की 72. आकडे ठीक आहेत, पण हरलेला माणूस सेव्ह उघडून परत टाकतो. म्हणून दिवस सुरू होतानाच फासे टाकून व्हेरिएबलमध्ये ठेवून दिले. सेव्ह उघडला तरी फासे तेच. बदलायचं तर वागणं बदलावं लागतं. विश्वासाचा आकडा उणे 3 ते अधिक 3 एवढाच, आणि पडद्यावर कुठेही नाही. चांगुलपणाची पट्टी दाखवली की खेळणारा कारकून राहत नाही, पट्टी भरायला लागतो.

शेवट वेगवेगळे लिहिले नाहीत. तांडा, हमाल, कमाविसदार आणि वही या चार गोष्टींचे प्रत्येकी तीन परिच्छेद, एकूण बारा, आणि त्यांच्या जुळणीतून 81 शेवट. एमझेडच्या अटींना "नाहीतर" एकच असतो, म्हणून एकात एक घालत बसण्यापेक्षा बरोबरीच्या तीन सुट्या अटी एकाखाली एक लावल्या. तपासताना एफ-9 दाबून व्हेरिएबल हाताने बदलता येतात, पूर्ण गेम खेळावा लागत नाही. 81ही वाचायची गरज नाही. क्रम पक्का असल्याने सांधे तीन आणि प्रत्येक सांध्यावर जोड्या नऊ. 27 वाचल्या की झालं. सांधा तुटतो तो "पण", "तरीही", "त्यामुळे" अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या परिच्छेदांवर, कारण मागे काय आलं हे त्या परिच्छेदाला माहीत नसतं. बाराही परिच्छेद माणसाच्या किंवा वस्तूच्या नावाने सुरू केले आणि सांधे बसले.