बेलवर नाव नसलेला शेजारी

जर्मनीत बेलवर आडनाव लिहायची पद्धत आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये म्युलर आहे, यिलमाझ आहे, आम्ही आहोत, आणि दुसऱ्या मजल्यावर उजवीकडे नुसतं बास्केटबॉल क्लबचं नाव. फ्लॅट क्लबनं भाड्यानं घेतलेला, त्यात दर सीझनला नवा प्लेअर येतो, मग पाटी कशाला बदलायची.

गेल्या ऑगस्टमध्ये तिथे अमेरिकेतल्या इंडियानाचा एक पोट्टा आला, उंची सहा फूट नऊ इंच. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. मी नागपूरचा, शाळेत असताना शिवाजीनगरच्या ग्राउंडवर सिमेंटवर गुडघे फोडून घेतलेला माणूस, त्यामुळे राजेहो, खरा प्रोफेशनल प्लेअर शेजारी आला म्हटल्यावर मला किती आनंद झाला असेल ते सांगायला नको. आपल्या डोक्यात प्रो म्हणजे एनबीए, अमेरिकेची ती बडी लीग, करोडो रुपये, मोठ्ठी गाडी वगैरे.

गाडी होती, पण क्लबची, छोटीशी, आणि तिच्यावर चारही बाजूंनी स्पॉन्सरचे स्टिकर, बेकरीवाला, टाईल्सवाला, एक दातांचा डॉक्टर आणि दारावर ह्याचं नाव अन् जर्सी नंबर. मॅच हरली की दुसऱ्या दिवशी गाडी कुठे उभी आहे ते अख्ख्या गावाला कळतं. एकदा सुपरमार्केटमध्ये एका आजोबांनी त्याला गाठून फ्री थ्रोबद्दल पाच मिनिटं जर्मनमध्ये झापलं, हा बिचारा मान हलवतोय, त्याला वाटलं आजोबा कौतुक करतायत.

पहिल्याच आठवड्यात दार वाजवून विचारलं, बिअरचे रिकामे क्रेट आहेत का? पलंग दोन मीटरचा आणि हा दोन मीटर सहा सेंटिमीटर. मी तळघरातून दोन क्रेट दिले, ते त्यानं पलंगाच्या पायथ्याशी लावले, वर उशी, झाला पलंग.

आमचा क्लब दुसऱ्या डिव्हिजनचा. पगाराचा आकडा त्यानं सांगितला, मी इथे लिहीत नाही, पण माझ्या आयटीतल्या पगारापेक्षा कमी होता, आणि तोही दहाच महिने. उन्हाळ्यात शून्य. आधी दुसऱ्या एका देशात खेळायचा, तिथल्या क्लबनं तीन महिन्यांचे पैसे बुडवले. अशा भांडणांसाठी फिबाचा, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेचा, जिनिव्हात लवाद आहे, 2007 पासून, पण तिथे केस टाकायलाच फी भरावी लागते, तर ह्यानं विचार केला, एवढे भरून मिळणार कधी, आणि सोडून दिलं.

दिवस कसा, तर सकाळी वेट्स आणि शूटिंग, संध्याकाळी टीमची प्रॅक्टिस, मध्ये दुपारी झोप. ही झोप चैन नाही, दोन प्रॅक्टिसच्या मध्ये पाय सावरायला ती लागतेच. पण इंडियानात सकाळचे सात वाजतात तेव्हा इथे दुपारचा एक. त्याची मुलगी तेव्हा उठते. आला तेव्हा ती दहा महिन्यांची होती. म्हणजे रोज एक तर झोप नाही तर मुलगी, आणि तो रोज मुलगी निवडायचा आणि संध्याकाळी कोचच्या शिव्या खायचा. बायको तिकडे नर्स. नोकरी सोडून ती येऊ शकत नव्हती, कारण तिघांचा हेल्थ इन्शुरन्स तिच्या नोकरीवर.

मुलीचा पहिला वाढदिवस ऑक्टोबरमध्ये झाला. त्या दिवशी टीम ब्रेमरहाफेनहून परत येत होती. आम्ही दक्षिणेला, ते पार उत्तरेला समुद्रावर, बसमध्ये नऊ-दहा तास गुडघे दुमडून. केक कापायच्या वेळी व्हिडिओ कॉल लावला आणि ऑटोबानवर नेटवर्क गेलं, जे जातंच, इथे राहणाऱ्यांना माहितीये. परत आलं तेव्हा केक खाऊन झाला होता.

नोव्हेंबरमध्ये मायलेकी आल्या, तीन आठवडे. दार उघडलं तर पोरगी आईच्या मागे लपली, ह्याच्याकडे येईना. मग हा आतल्या खोलीत गेला आणि तिथून बायकोच्या फोनवर व्हिडिओ कॉल केला. फोनमधल्या बापाला बघून ती खुदकन हसली. हे त्यानं आमच्याकडे वरणभात खाताना सांगितलं. (वरणाला तो पिवळं सूप म्हणायचा. रविवारी सुट्टी आणि रविवारी इथे सगळी दुकानं बंद, त्यामुळे रविवारचं पिवळं सूप आमच्याकडे ठरलेलं.) आणि सांगताना लिंबू इतका वेळ पिळत होता की साल फाटली.

महिला प्लेअरांचं तर अजून अवघड. ब्रियाना स्टुअर्ट 2018 ची डब्ल्यूएनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या लीगची, एमव्हीपी, सीझनची सर्वोत्तम प्लेअर, तरी सीझन संपला की रशियात खेळायला जायची, कारण पैसा तिकडे होता. एप्रिल 2019 मध्ये हंगेरीत युरोलीगच्या, युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये तिची अकिलीस टेंडन, टाचेमागची मोठी शीर, तुटली आणि अमेरिकेतला अख्खा सीझन गेला. ब्रिटनी ग्रायनर तशीच रशियात खेळायला जायची, 2022 मध्ये तिला तिथल्या विमानतळावर अटक झाली, ते प्रकरण बऱ्याच जणांना माहितीच आहे. आपला भारताचा प्लेअर अमृतपाल सिंग 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनी किंग्जकडे गेला तेव्हा मी खूश होऊन स्टेटस टाकलं होतं, तो तिथे जेवतो काय, झोपतो कुठे, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

जानेवारीत ह्याचा घोटा मुरगळला. तीन आठवडे बर्फाच्या बादलीत पाय. तेवढ्यात क्लबनं त्याच्या जागी नवा माणूस आणला आणि ह्याला सांगितलं, उरलेल्यातले अर्धे पैसे घे आणि सही कर. नको म्हणाला असता, पण दुसऱ्या देशात खेळायचं तर लेटर ऑफ क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या देशातून सोडल्याचं पत्र, लागतं, ते अडकलं तर सीझनच संपला. एजंट म्हणाला, सही कर. केली. फ्लॅट रिकामा करायला चार दिवस.

त्याचं सगळं सामान दोन बॅगांमध्ये मावलं. भिंतीला खिळासुद्धा ठोकला नव्हता. मी म्हटलं, घरी चाललास? तर म्हणाला, नाही भाऊ, हंगेरीत एक जागा निघालीये, मेपर्यंत. भाऊ म्हणायला मीच शिकवलं होतं. क्रेट त्यानं धुऊन, पुसून परत आणून दिले.

नवीन माणूस आता त्याच फ्लॅटमध्ये आहे. पाटी तीच. परवा संध्याकाळी बेल वाजली, दारात तो, भलताच उंच, चौकटीत वाकून उभा. म्हणाला, जरा विचित्र विचारतोय, पण तुमच्याकडे रिकामे क्रेट असतील का?

मी तळघराची किल्ली घेतली.