एक विसरलेला स्लॉट

रात्री पावणेदोनला फोन वाजला. मॉनिटरिंगचा मेसेज होता: डेटाबेस सर्व्हरची डेटा डिस्क ९१ टक्के भरली. उठून लॅपटॉप उघडून सर्व्हरवर शिरेपर्यंत दहा मिनिटं गेली आणि आकडा ९३ झाला. ५०० जीबीच्या डिस्कवर दोन टक्के म्हणजे दहा जीबी, तेही दहा मिनिटांत. याच वेगाने चाललं असतं तर पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात डिस्क संपली असती.

हा पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरवरचा डेटाबेस मी आठ महिन्यांपूर्वी ताब्यात घेतला होता. तोवर डिस्क भरायची ती सावकाश. असा धावणारा आकडा मी पहिल्यांदाच पाहत होते. डिस्क संपली की पोस्टग्रेस फक्त नवीन नोंदी नाकारून थांबत नाही. वॉल, म्हणजे प्रत्येक बदलाची आधी लिहिली जाणारी नोंद, लिहायलाच जागा उरली नाही, तर सर्व्हर पॅनिकचा मेसेज टाकून बंद पडतो. पुन्हा सुरू होताना त्याला रिकव्हरी करावी लागते आणि तिलाही जागा लागते. म्हणून जे करायचं ते डेटाबेस चालू असतानाच करायला हवं होतं.

डीएफ या कमांडने डिस्क भरल्याचं सांगितलं, कुठे भरली ते डीयू या कमांडने. टेबलं असलेला बेस फोल्डर नेहमीसारखाच, १९० जीबीच्या आसपास. पीजी_वॉल फोल्डर मात्र २७५ जीबी. वॉलची एकेक फाइल १६ एमबीची असते, म्हणजे साडेसतरा हजारांहून जास्त फायली. आमच्या सेटिंगप्रमाणे तिथे चारेक जीबी असायला हवे होते.

त्या क्षणी मनात आलं ते इथे लिहिते, कारण माझ्या जागी बसलेल्या बऱ्याच जणांच्या मनात तेच येतं. फोल्डर उघडला तर तीन आठवड्यांपूर्वीच्या तारखांच्या फायली. इतक्या जुन्या फायली कोणाला लागणार, पहिल्या हजार उडवल्या तर श्वास घ्यायला जागा होईल. हात कीबोर्डवर होते. पूर्वी या फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग होतं. नावात ‘लॉग’ दिसलं की लोक ते साधे लॉग समजून पुसून टाकत आणि डेटाबेस गमावून बसत. म्हणून २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत ते नाव बदललं. कुठलाही बदल आधी वॉलमध्ये लिहिला जातो आणि टेबलाच्या मूळ फाइलमध्ये नंतर जातो. मधल्या काळात सर्व्हर पडला, तर झालेलं काम परत उभं करायला हाताशी फक्त वॉल असतं.

आमच्या टीममधल्या सीनियर मॅडमना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, ‘काही डिलीट केलंस का?’

‘नाही.’

‘बरं केलंस. महिनाअखेरचा जॉब चालू असेल, तो आधी थांबव. मग वॉल का साठतंय ते डेटाबेसलाच विचार. त्याला माहीत असतं.’

जॉब बारापासून चालू होता आणि एका मोठ्या टेबलातल्या जवळपास सगळ्या ओळी अपडेट करत होता. चेकपॉइंट, म्हणजे साठलेले बदल टेबलांच्या फायलींत उतरवण्याचा टप्पा, झाल्यावर एखाद्या पेजला पहिल्यांदा हात लागला की पोस्टग्रेस ते ८ केबीचं अख्खं पेज वॉलमध्ये उतरवून ठेवतो. टेबलभर विखुरलेल्या ओळी बदलल्या की वॉल असं भसाभसा वाढतं ते त्यामुळे. पीजी_कॅन्सल_बॅकएंडने जॉब थांबवला. मोठा बदल मागे घ्यायला तितकाच वेळ जाईल ही माझी भीती खोटी ठरली. पोस्टग्रेसमध्ये रोलबॅक तत्काळ होतो, अर्धवट ओळी मृत म्हणून मागे राहतात आणि व्हॅक्यूम त्या नंतर आवरतो. डिस्कचा आकडा ९५ वर येऊन थबकला.

आता कारण. प्रत्येक चेकपॉइंटनंतर नको असलेलं जुनं वॉल पोस्टग्रेस स्वतःच काढून टाकतो किंवा फाइल नव्या नावाने पुन्हा वापरतो. तो तसं करत नसेल, तर त्याला कोणीतरी ‘अजून ठेव’ म्हणून सांगितलेलं असतं. असं सांगणारे मोजकेच असतात. आर्काइव्हिंग, म्हणजे वॉलची प्रत दुसरीकडे पाठवणं, फसत असेल तर फायली साठतात. पीजी_स्टॅट_आर्कायव्हरमध्ये पाहिलं, शेवटची फाइल तीन मिनिटांपूर्वी व्यवस्थित गेलेली. ठरावीक वॉल राखून ठेवण्याचं सेटिंग पाहिलं, ते लहानच होतं. मग पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स.

दोन ओळी आल्या. पहिली आमच्या स्टँडबायची, म्हणजे राखीव प्रत-सर्व्हरची; ॲक्टिव्हच्या रकान्यात ‘टी’, म्हणजे चालू. दुसरीच्या त्याच रकान्यात ‘एफ’, आणि रिस्टार्ट_एलएसएन, म्हणजे त्या स्लॉटला जिथपासूनचं वॉल लागतं ती जागा, इतकं मागे की चालू वॉलपासूनचं अंतर काढलं तर २७० जीबीच्या वर. स्लॉटच्या नावात ‘चाचणी’ होतं. नाव वाचलं आणि सगळं आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी एक चाचणीची रेप्लिका (डेटाबेसची प्रत ठेवणारा सर्व्हर) मी स्वतः बंद केली होती. मशिन परत केलं, फायरवॉलचे नियम काढले, मॉनिटरिंगमधून नाव काढलं. प्रायमरीवरचा, म्हणजे मुख्य सर्व्हरवरचा, स्लॉट काढायचा राहिला. स्लॉटचं कामच असं की रेप्लिका मागे पडली तरी तिला लागणारं वॉल ती येईपर्यंत सांभाळून ठेवायचं. ती रेप्लिका आता कधीच येणार नव्हती आणि प्रायमरी इमानाने तिची वाट पाहत होता.

स्लॉट काढण्याआधी पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमधला प्रोसेस क्रमांक स्लॉटच्या यादीतल्या क्रमांकाशी जुळवून खात्री केली की चालू स्टँडबाय दुसऱ्याच स्लॉटवर आहे. नाव दोनदा वाचलं, फोनवर मॅडमना वाचून दाखवलं, मग पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट चालवलं. एका सेकंदात झालं. डीएफ मात्र ९५ वरच. इथे पुन्हा घाबरायला होतं, पण जुनं वॉल निघतं ते पुढच्या चेकपॉइंटच्या शेवटी. हाताने चेकपॉइंट दिला आणि दर पाच सेकंदांनी डीएफ दाखवणारी खिडकी उघडी ठेवली. दोन-अडीच मिनिटं काहीच हललं नाही. मग ९४, ८१, ६० आणि शेवटी ३९.

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी केल्या. तेराव्या आवृत्तीपासून स्लॉटने जास्तीत जास्त किती वॉल अडवायचं याला मर्यादा घालता येते. मूळ किंमत उणे एक, म्हणजे मर्यादा नाही. आमच्याकडे तीच होती. ती ६० जीबी केली. मर्यादा ओलांडली तर स्लॉट निकामी होतो आणि ती रेप्लिका पुन्हा नव्याने बांधावी लागू शकते. मला ते पूर्ण मान्य आहे, रेप्लिका परत उभी करता येते. दुसरं म्हणजे डेटा डिस्कवर पाच जीबी जागा अडवणारी एक बिनकामाची फाइल करून ठेवली. खरंच अडचण आली तर बेधडक डिलीट करता येईल अशी एक तरी फाइल तिथे असावी.

दीड महिन्याने वेगळंच दुखणं. सकाळी साडेदहाला ॲप्लिकेशन बंद, लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: ‘रिमेनिंग कनेक्शन स्लॉट्स आर रिझर्व्ह्ड...’, म्हणजे उरलेल्या जागा राखीव आहेत. कनेक्शनची मर्यादा १००, त्यातली तीन सुपरयूजरसाठी राखीव. त्या राखीव तिनांतल्या एकावरून मी आत शिरले. ॲप्लिकेशन सुपरयूजरने कधीही जोडू नये असं का म्हणतात, ते तेव्हा नीट समजलं. तसं जोडलेलं असतं तर त्या तीन जागाही भरल्या असत्या.

टीममध्ये लगेच सूचना आली की मर्यादा ३०० करा. त्यासाठी रिस्टार्ट लागतो. आणि ९७ जण कशाची तरी वाट पाहत उभे असतील, तर जागा वाढवून २९७ जण वाट पाहतील. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी उघडलं आणि प्रत्येक कनेक्शन कोणामुळे अडलंय ते पीजी_ब्लॉकिंग_पिड्सने काढलं. बहुतेक सगळे साधे सिलेक्ट, म्हणजे फक्त वाचणारे, आणि तेही एकाच आल्टर टेबलमागे, म्हणजे टेबलाची रचना बदलणाऱ्या कमांडमागे. ते आल्टर टेबल एका कनेक्शनमागे, आणि त्या कनेक्शनची अवस्था ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, काल संध्याकाळी पावणेसातपासून. कोणीतरी क्लायंटमध्ये बिगिन करून ट्रान्झॅक्शन उघडलं, एक सिलेक्ट चालवला आणि खिडकी तशीच ठेवून घरी गेलं.

हे पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही, कारण सिलेक्ट सिलेक्टला अडवत नाही. पण सिलेक्टचं हलकं लॉक ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत राहतं. आल्टर टेबलला टेबल पूर्ण मोकळं लागतं, म्हणून ते रांगेत उभं राहतं. एकदा ते रांगेत लागलं की मागून येणारे सिलेक्टही त्याच्या मागे थांबतात. सकाळी दहाला रिलीज सुरू झालं होतं, आल्टर त्यातलंच.

ज्याचं कनेक्शन होतं त्याला फोन केला, सेव्ह न केलेलं काही नाही याची खात्री केली आणि पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने ते एक कनेक्शन तोडलं. आल्टर क्षणात झालं, रांग ओसरली. शेजारी बसलेला सहकारी थेट ऑपरेटिंग सिस्टिमवरून किल -९ द्यायच्या बेतात होता, त्याला थांबवलं. एक बॅकएंड, म्हणजे एका कनेक्शनची प्रोसेस, असा मारला की सामायिक मेमरी बिघडली असेल असं धरून पोस्टग्रेस सगळीच कनेक्शनं तोडतो आणि रिकव्हरीतून परत येतो. त्यानंतर ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसलेल्या सेशनला दहा मिनिटांची मुदत घातली; हे सेटिंग ९.६ आवृत्तीपासून आहे. रिलीजच्या प्रत्येक आल्टरआधी तीन सेकंदांचा लॉक टाइमआउट लावणंही सक्तीचं केलं. लॉक मिळालं नाही तर आल्टर माघार घेतं, थोड्या वेळाने पुन्हा चालवायचं.

पण मला सगळ्यांत जास्त बोचत होता तो त्या पहिल्या रात्री मॅडमनी फोन ठेवताना विचारलेला प्रश्न: ‘शेवटचा बॅकअप तू कधी रिस्टोअर करून पाहिलास?’ उत्तर होतं, कधीच नाही. बॅकअप रोज होत होता, फाइलचा आकार रोज पाहत होते, हिरवा टिकमार्क येत होता. असंच एकदा घडलं आहे: ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरचाच डेटा फोल्डर पुसला. मग लक्षात आलं की पीजी_डंप या पोस्टग्रेसच्या साधनाने घेतले जाणारे बॅकअप आवृत्ती जुळत नसल्यामुळे कधीचे फसत होते, आणि तशी सूचना देणारे ईमेल पोचतच नव्हते. सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट योगायोगाने हाती होता, त्यावर ते उभे राहिले. कंपनीने हे सगळं स्वतःच उघड लिहिलं. वाचल्यावर मी प्रॉडक्शनच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट लाल केला आणि एका शनिवारी रिकामं मशिन घेऊन बसले.

तासाभरात होईल असं धरलं होतं. डेटा भरायला दीड तास लागला, पण पुढे इंडेक्स बांधले जात होते आणि ते संपता संपेनात. एकूण चार तास दहा मिनिटं. मधे त्रुटींची रांग: अमुक रोल अस्तित्वात नाही, तमुक रोल अस्तित्वात नाही. पीजी_डंप एका डेटाबेसचाच बॅकअप घेतो. रोल, म्हणजे डेटाबेसचे युजर, आणि त्यांचे पासवर्ड क्लस्टरच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसांच्या, पातळीवर असतात, त्यांच्यासाठी पीजी_डंपऑल ‘ग्लोबल्स-ओन्ली’ पर्यायाने वेगळं चालवावं लागतं. आमच्या स्क्रिप्टमध्ये ते नव्हतं. खरी वेळ आली असती, तर सगळा डेटा हातात असूनही ॲप्लिकेशनला लॉगिन करता आलं नसतं.

स्क्रिप्टमध्ये ती ओळ घातली, मशिन पुसलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्यापासून रिस्टोअर केलं. इंडेक्ससाठी मेंटेनन्सची मेमरी वाढवली आणि चार जॉब समांतर चालवले. एक तास पन्नास मिनिटांत झालं. रोल जागेवर होते. ॲप्लिकेशनच्याच युजरने लॉगिन केलं, मोठ्या टेबलातल्या ओळी मोजल्या आणि डंप घेताना नोंदवलेल्या आकड्याशी ताडून पाहिल्या. जुळल्या. मॅडमना तेवढंच कळवलं: रोलसकट रिस्टोअर झाला, एक तास पन्नास.