जिंगदेझेन: आधी दगड, मग भट्टी, कप सगळ्यात शेवटी

जिंगदेझेनला पोचणारे बरेच जण पहिल्याच संध्याकाळी बाजारात घुसतात, पिशवीभर कप घेतात आणि दोन दिवसांनी भट्ट्या पाहिल्यावर कपाळाला हात लावतात. क्रम उलटा ठेवा. कप कसा होतो ते पाहिल्याशिवाय चांगला कप ओळखता येत नाही.

चीनच्या च्यांगशी प्रांतातल्या चांग नदीकाठच्या या गावाचं जुनं नाव चांगनान. १००४ साली सोंग सम्राट जनझोंगने आपल्या ‘जिंगदे’ या कालखंडाचं नाव त्याला दिलं. ‘झेन’ म्हणजे बाजारपेठेचं गाव. आपण ज्याला सरसकट ‘चिनी माती’ म्हणतो, त्यातली खरी पांढरी, आरपार उजेड दिसणारी पोर्सेलिन म्हणजे या गावाची ओळख. (लोणच्याची बरणी वेगळ्या जातीची, तिच्यातून उजेड दिसत नाही.)

वार जुळवणं सगळ्यात महत्त्वाचं. शिल्प कारखान्याच्या आवारातला तरुण कारागिरांचा बाजार शनिवारी सकाळी, ताओशीच्वान या भागातला आठवड्याच्या शेवटी संध्याकाळी, जुन्या वस्तूंचा ‘भूत बाजार’ सोमवारी उजाडायच्या आत, आणि संग्रहालयं सोमवारी बंद. म्हणून गुरुवारी पोचा, सोमवारी निघा. शांघायहून थेट रेल्वे आहे. स्टेशन दोन आहेत. वेगवान गाड्या ‘उत्तर’ स्टेशनवर थांबतात, तेव्हा तिकिटावर ‘बेई’ (उत्तर) आहे ना ते बघा. तिकीट पासपोर्टच्या नंबरावर निघतं. स्वयंचलित फाटक पासपोर्ट वाचत नसेल तर कर्मचारी बसलेल्या फाटकातून जायचं.

शुक्रवार याओलीसाठी ठेवा. हे गाव जिंगदेझेनपासून सुमारे ५० किमीवर आहे. परतीची गाडी सकाळीच ठरवा, संध्याकाळी तिथे टॅक्सी मिळेलच असं नाही. ओढ्यावर चाललेली लाकडी मुसळं बघण्यासारखी आहेत. पाणचक्कीचा आस फिरतो, त्यावरचे दांडे मुसळाचं शेपूट दाबून सोडतात आणि मुसळ उखळातल्या दगडावर धप्पकन पडतं. ओढ्याला पाणी कमी असलं की मुसळं थांबतात, म्हणून पावसानंतरचे दिवस बरे. उखळातला हा दगड पोर्सेलिनचा. त्याचं पीठ पाण्यात कालवून गाळ बसू देतात आणि त्याच्या पांढऱ्या विटा पाडतात. नुसत्या या विटांचं भांडं भट्टीत मऊ पडून बसकण मारतं. त्यात काओलिन ही पांढरी माती मिसळली की ते १३०० अंशांच्या आसपासही उभं राहतं. काओलिन हे नावच इथल्या गाओलिंग गावावरून जगभर गेलं.

शनिवारी सकाळचा बाजार फक्त डोळ्यांनी करा, मग प्राचीन भट्टी परिसर. गर्दी चाक फिरवणाऱ्याभोवती असते, तुम्ही मात्र तासणाऱ्याजवळ थांबा. चाकावरचा वाडगा जाडच असतो. तो वाळल्यावर चाकावर पालथा घालून तासतात आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून आवाजावरून जाडी ओळखतात. एक फटका जास्त बसला की वाडगा गेला. भाजताना तो १५ टक्क्यांच्या आसपास आकसतो, म्हणून कच्चा वाडगा मुद्दाम मोठा केलेला असतो. शेजारची भट्टी आडव्या ठेवलेल्या अंड्यासारखी आहे. जळण पाइनचं, कारण त्याची ज्वाळा लांब जाते आणि राख कमी पडते. भांडी थेट आगीत नसतात. जाड मातीच्या डब्यांत बंद करून ते डबे एकावर एक रचतात.

रविवारी शाही भट्टी संग्रहालय. वास्तुविशारद जू पेय यांनी रचलेल्या या विटांच्या कमानींत जुन्या भट्ट्यांच्या विटाही वापरल्या आहेत. नोंदणी फोनवरून आधीच करा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. इथल्या कपाटांत शेकडो तुकडे जोडून उभी केलेली भांडी आहेत. दरबाराला न पटलेलं भांडं बाहेर विकायची परवानगी नव्हती, म्हणून ते फोडून पुरत. दोष काय होता ते शोधत बसा: कुठे कड वाकडी, कुठे निळा रंग फुटलेला.

आता खरेदी. भांडं सपाट टेबलावर ठेवून फिरवा, डुगडुगलं तर बूड वाकलंय. तळहातावर ठेवून टिचकी मारा, बद्द आवाज आला तर बारीक तडा असणार. आत फोनचा दिवा धरला की जाडी एकसारखी आहे का ते दिसतं. हाताने काढलेल्या निळ्या रेघेत कुंचला वळतो तिथे रंग गडद होतो. छापील चित्र सगळीकडे सारखंच असतं आणि भिंगाखाली ठिपके दिसतात. ‘भूत बाजारात’ टॉर्च न्या, पण ‘जुनं’ म्हणून दाखवतील ते नवंच समजून भाव करा. खरोखर १९११च्या आधीचं निघालं तर ते देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा दोन्हीकडून तोटाच. तरुण कारागिरांच्या टेबलांवर विचारल्याशिवाय फोटो काढू नका. नक्षी चोरीला जाते ही त्यांची तक्रार खरी आहे.

पैशांसाठी अलीपे हे पैसे भरायचं ॲप फोनवर घालून कार्ड घरूनच जोडा, तिथे पडताळणीचा संदेश आला नाही की अडतं. जेवण तिखट आणि भाजीतही डुकराची चरबी असू शकते, शाकाहाऱ्यांनी चिनी मजकूर फोनवर तयार ठेवावा.

बांधताना कपात कप घालू नका, फुटतात ते तिथेच. प्रत्येक कपाच्या आत कागद कोंबा, कान मऊ कागदाने भरून वेगळा गुंडाळा, खोक्यात कप उभे लावा आणि ते खोकं दुसऱ्या खोक्यात, मध्ये चार बोटं कपडे भरून ठेवा. खोकं हलवून बघा. आतून आवाज आला तर पुन्हा उघडा.