आडत्याने पट्टीत कापलेले चाळणी-सॅम्पलचे पैसे परत मिळाले, माझा अनुभव

2024 च्या दिवाळीनंतरची गोष्ट, मराठवाड्यातल्या एका बाजार समितीतली. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता पण सरकारी खरेदी केंद्रावर 12 टक्क्यांच्या वर मॉइश्चर (ओलावा) घेत नव्हते, नंतर नोव्हेंबरात 15 पर्यंत सूट दिली पण तोवर आम्हाला पैशाची नड होती, रब्बीचं बी-खत घ्यायचं होतं, म्हणून आडतीवर, म्हणजे समितीतल्या दलालाच्या दुकानात घातलं.

मुनीमाने ढिगातून मूठभर दाणे घेतले, मीटरमध्ये टाकले, 14.2. म्हटलं परत लावा, तेच दाणे, तर 13.1! वर म्हणतो "मशीनच हाय मालक, थोडं इकडंतिकडं होतंच." बरं ते सोडा, सौदा झाला, काटा झाला, पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) हातात आली तर हमाली, तोलाई आणि त्याच्याखाली 'चाळणी/सॅम्पल' म्हणून तीन-चारशे रुपये. माझा माल चाळलाच नव्हता ओ. आणि सॅम्पलला काढलेलं सोयाबीन दुकानाच्या कोपऱ्यात पडलेलं, संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं मिळून पोतंभर होतं, ते परत कोणी देत नाही. म्हणजे माल पण त्यांचा आणि तपासायची फी पण आमचीच.

विचारलं तर "सगळ्यांचंच कापतो." आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 1963 च्या पणन कायद्यात बाजार फी खरेदीदाराने भरायची असते, शेतकऱ्याने नाही. वरचं देखरेख शुल्क, ते पण त्याच्याकडूनच. आपल्याकडून हमाली-तोलाई कापतात ती समितीच्या मंजूर दराने, मनाला येईल तशी नाही.

समितीच्या सचिवांच्या ऑफिसात गेलो तर तिथला क्लार्क तोंडीच मिटवायला बघत होता, 'मी बोलतो त्याला' वगैरे. मी पट्टीची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली, शिक्क्यासकट. पोच मागितली की लोकांचा चेहरा कसा बदलतो ते बघण्यासारखं असतं. पुढे बरेच दिवस काहीच हाललं नाही म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. फार काही विचारलं नाही, फक्त हमाली, तोलाई, चाळणीच्या मंजूर दराची आणि उपविधीतल्या (समितीच्या नियमांतल्या) त्या पानांची प्रत द्या, आणि सॅम्पलच्या नावाने कपात करायला मंजुरी आहे का. 30 दिवसांची मुदत असते, त्याच्या आत उत्तर आलं, पानाला 2 रुपये भरून प्रती घेतल्या. त्यात चाळणीचा दर होता, पण शेतकऱ्याने माल चाळून घेतला तरच. सॅम्पलचा रकानाच नव्हता!

ती प्रत जोडून तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे दिली आणि एक कॉपी सचिवांना. मग मात्र आडत्याचा स्वतःहून फोन, "आवो दादा, एवढ्याशासाठी कशाला कागद काळे करायलाव, या चहाला." चहा घेतला, पैसे पण घेतले, पण म्हटलं पट्टी दुरुस्त करून द्या. त्यावर जास्त खळखळ केली, पैशापेक्षा त्याला कागद जड जात होता कारण तो दुसऱ्याने बघितला असता. शेवटी दिली. उपनिबंधक ऑफिसकडून मला वेगळं काही पत्र आलं नाही.

नंतर तूर घातली तेव्हा आमच्या पट्टीत ती ओळ नव्हती. शेजारच्या चुलत्याच्या पट्टीत मात्र 'इतर' म्हणून आकडा आहे. मी त्यांना माझ्या अर्जाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपला टाकलाय, सोमवारी जाणार आहेत ते विचारायला.