गाळ्याचा काना एकदाचा रंगला (प्रिझम + पायथन, पुढचा भाग)

प्रिझम ही वेबपानावरचं कोड रंगीत दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. तिच्यात पायथनमधली मराठी नावं नीट का रंगत नाहीत, हे मागच्या नोंदीत अडकलेलं कोडं सुटलं. नमुना फाइल तीच, मार्केट यार्डातल्या कांदा-बटाट्याच्या भावांची, सगळी नावं मराठीत. लक्षण विचित्र होतं: फंक्शनचं नाव ‘भर’ ठेवलं तर रंगतं, ‘भाव’ ठेवलं तर नाही.

प्रिझम नावं शोधते ती रेगेक्सने, म्हणजे मजकूर जुळवणाऱ्या पॅटर्नने. त्यातलं अक्षर-आकडा जुळवणारं चिन्ह, बॅकस्लॅश-डब्ल्यू, देवनागरीला अक्षरच मानत नाही, म्हणून त्या जागी युनिकोडचा एल (अक्षरं) वर्ग आणि असे वर्ग चालू करणारा यू फ्लॅग टाकला होता. पण एल वर्गात फक्त मूळ अक्षरं येतात. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं एम (खुणा) वर्गात. ‘भ’ जुळला, पुढे कंस हवा होता, तिथे काना निघाला आणि पॅटर्न नापास. ‘भर’मध्ये मात्राच नाही, म्हणून ते पास. क्लासच्या पॅटर्नला पुढे कंस लागत नाही, तिथे तर आणखी मजा: ‘गाळा’ या क्लासच्या नावातला ‘ग’ ठळक, बाकीचं साधं. वजन बदललं की फॉन्ट बदलतो, शेपिंग (अक्षर आणि मात्रा जोडून एक आकार करणं) तुटतं, आणि काना ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकतो.

उपाय: एल, एम, एन (आकडे) आणि अंडरस्कोर एकाच चौकटी कंसात, नावाची सुरुवात मात्र एल किंवा अंडरस्कोरनेच. यू फ्लॅग लावताच जुन्या पॅटर्नमधले उगाच दिलेले बॅकस्लॅश एरर देतात, ते आधी उपटा.

बॅकस्लॅश-बी (शब्दाची हद्द शोधणारं चिन्ह) पण हाकला. त्याच्यामुळे ‘भाव2’मधला 2 आकडा म्हणून रंगत होता (‘भाव_2’ला काही होत नव्हतं, म्हणून लवकर लक्षात येत नाही). त्याजागी नकारार्थी लुकबिहाइंड, म्हणजे ‘आधी अमुक नसेल तरच जुळव’. सफारी १६.४च्या आधीची असेल तर तो पॅटर्न चालणार नाही. प्रिझमचा स्वतःचा ‘लुकबिहाइंड’ पर्याय म्हणजे जुळलेल्यातला पहिला कंसातला गट नुसता गाळणं, त्यावर भिस्त नको.

उरला ‘दुसऱ्या_गाळ्याचा_भाव’. काही कीबोर्ड ऱ्या टाइप करताना साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यू+२००डी घालतात. ते एल, एम, एन कशातच नाही, टोकन (एकसंध रंगणारा तुकडा) तिथेच फुटतं. चौकटीत ते टाकलं की रंग लागतो, पण पायथन स्वतःच त्या नावाला सिंटॅक्स एरर देतं. न चालणारं कोड रंगवून दाखवणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणं. म्हणून जावास्क्रिप्टच्या व्याकरणात ते घेतलं, कारण तिथे नावात चालतं, पायथनच्या नाही. पायथनच्या फाइलमध्ये नावांपुरता र + हलन्त + जोडचिन्ह काढून ऱ + हलन्त करायचा. स्ट्रिंगला हात लावायचा नाही, तो डेटा आहे.

ओळ-क्रमांक सरकत होते ते लाइन-हाइट (ओळीची उंची) ‘नॉर्मल’मुळे, १.६ दिल्यावर बसले. देवनागरीसाठी मुक्ता फॉन्ट, युनिकोड-रेंज ०९००–०९७एफ आणि दोन्ही अदृश्य चिन्हं: जोडणारं यू+२००डी, तोडणारं यू+२००सी. मोनोस्पेस देवनागरीचा हट्ट सोडा. ‘क्ष्म्य’ आणि ‘र’ एकाच रुंदीत कोंबून कुणाचं भलं होत नाही.

पुढे रंगांची थीम दुरुस्त करायची होती, पण हे लिहितानाच वाटलं की प्रिझम प्रत्येक तुकड्याभोवती घालते ते स्पॅन टॅगच कशाला? ब्राउझरचा स्वतःचा कस्टम हायलाइट एपीआय क्रोम १०५पासून आहे. त्यात मजकूर अखंड राहतो, रंग वरून लागतो, शेपिंग तुटण्याचा प्रश्नच नाही. ठळक-तिरपं त्यात करता येत नाही, म्हणजे क्लासचं ठळकपण जाईल. जाऊ दे. थीमचं काम थांबवलंय, आधी ‘गाळा’ यातून काढून बघतो.